पोर्टलेट सपोर्ट कोअरमध्ये घ्यावा का? विकेट, स्प्रिंग आणि जेएसएफचं काय झालं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक छोटं पण चालतं ओपन सोर्स जावा वेब फ्रेमवर्क आहे. वापरणाऱ्यांतले काही जण म्हणतात की पोर्टलेटचा (पोर्टलच्या एकत्रित पानावर इतरांशेजारी बसणाऱ्या छोट्या अर्जाचा) सपोर्ट कोअरमध्येच, म्हणजे फ्रेमवर्कच्या मूळ कोडमध्येच हवा, कारण त्यांच्या कंपनीत सगळा कारभार पोर्टलवर चालतो. मूळ टीम तयार नाही. एका बाजूचा दाखला 'अपाचे विकेटने घेतला होता', तर दुसऱ्या बाजूचा 'विकेटने काढूनही टाकला, आणि पुढे स्प्रिंगनेही काढला'. (विकेट आणि स्प्रिंग ही अशीच जावा फ्रेमवर्क.) नेमकं काय झालं होतं, आणि आता काय करावं?

मत आधी सांगतो, मग कारणं. कोअरमध्ये घेऊ नका. पण कोअरमधल्या तीन-चार जागा अशा मोकळ्या करा की ज्याला हवंय त्याला बाहेरून जोडता येईल. 'पोर्टलेट जुनं झालं, सोडा' असं मी म्हणत नाहीये. जुनं झालंय हे खरं, पण ते कारण पुरेसं नाही. २००७-०८ मध्ये पोर्टल जोरात असतानाही उत्तर जवळपास हेच आलं असतं.

वादाचं मूळ कुठे आहे ते आधी बघू. बहुतेक लोक समजतात की पोर्टलेट म्हणजे सर्व्हलेटचा (वेब रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या जावा घटकाचा) धाकटा भाऊ, एखादा अडॅप्टर लिहिला की झालं. पोर्टलेटचं स्पेसिफिकेशन पोर्टलेट १.० म्हणजे जेएसआर १६८ (जेएसआर म्हणजे जावाच्या प्रमाणाचा क्रमांकित प्रस्ताव), ऑक्टोबर २००३ मध्ये पक्कं झालं. आयबीएम आणि सन या दोघांनी मिळून त्याचं नेतृत्व केलं होतं. त्यात एक गोष्ट ठरली जी सर्व्हलेटमध्ये कुठेच नाही: एका क्लिकचं काम दोन टप्प्यांत होतं. समजा पानावर सहा पोर्टलेट आहेत आणि युजरने रजेच्या अर्जातलं 'जतन करा' दाबलं. पोर्टल फक्त त्या एका पोर्टलेटचं प्रोसेसअ‍ॅक्शन बोलावतं. ते संपलं की पानावरच्या सहाही पोर्टलेटचं रेंडर, म्हणजे दाखवायचं एचटीएमएल तयार करणारी मेथड, बोलावतं. कोणाचं आधी, कोणाचं नंतर, एकापाठोपाठ की समांतर, याची हमी स्पेसिफिकेशन देत नाही.

यातून निघणारा परिणाम मोठा आहे. तुमच्या पोर्टलेटमध्ये कोणी काही केलेलं नाही, क्लिक शेजारच्यात झालंय, तरी तुमचं रेंडर पुन्हा चालणार. रेंडर म्हणजे 'युजरने हे पान मागितलं' असं गृहीत धरणारा तुमच्या फ्रेमवर्कमधला प्रत्येक कोड इथे चुकणार. पान उघडल्याचा लॉग, एकदाच दाखवायचा संदेश, बॅक बटणासाठी वाढवलेला पानाचा आवृत्ती क्रमांक, सगळंच.

दुसरी अडचण पानाच्या मालकीची. वेब फ्रेमवर्क स्वतःला पानाचा मालक समजतं. हेड टॅग आपला, यूआरएल आपला, कुकी आपली, रीडायरेक्ट आपला. पोर्टलेट मात्र पोटभाडेकरू असतो. एचटीएमएल, हेड, बॉडी हे टॅग त्याने छापायचेच नाहीत. यूआरएल स्वतः बनवायचा नाही, पोर्टलकडून मागून घ्यायचा, आणि जो मिळेल तो कसा दिसेल याचा अंदाजही बांधायचा नाही.

आणि ही बंधनं मोडली तर काय होतं ते नवशिक्याला सर्वात जास्त छळतं. जेएसआर १६८ मध्ये पोर्टलेटमधून एखादा सर्व्हलेट इन्क्लूड केला, म्हणजे त्याचं आउटपुट आपल्यात घेतलं, तर त्या सर्व्हलेटला मिळणारी रिक्वेस्ट दिसायला नेहमीची एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्टच असते. पण गेटरिक्वेस्टयूआरएल नल देतं, गेटरिमोटअ‍ॅड्रही नल. रिस्पॉन्सवर सेंडरीडायरेक्ट बोलावलं तर एक्सेप्शन येत नाही, काहीच होत नाही. अ‍ॅडकुकी, सेटहेडर, सेटस्टेटस यांचंही तसंच. स्पेसिफिकेशननेच सांगितलंय की या मेथडनी काही करायचं नाही. कोड चालतो, लॉग स्वच्छ असतो, आणि युजर सांगतो की बटण दाबलं तरी पान बदलत नाही. असा बग शोधत ज्याने दुपार घालवली, तो 'फक्त एक अडॅप्टर' हे शब्द पुन्हा वापरत नाही.

आता विकेटकडे. विकेट जून २००७ मध्ये अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या इन्क्युबेटरमधून (नव्या प्रकल्पांच्या उमेदवारीतून) बाहेर पडलं आणि १.३ हे जानेवारी २००८ मध्ये आलं. पोर्टलेट सपोर्ट याच आवृत्तीपासून कोअरमध्ये आला. तो लिहिण्यात पुढाकार अपाचे पोर्टल्सच्या बाजूने आला होता, म्हणजे जेटस्पीड-२ हे पोर्टल आणि प्लूटो हा कंटेनर (पोर्टलेट चालवणारा भाग) ज्यांच्या हाताखालून गेलेत त्या वर्तुळातून. हे महत्त्वाचं आहे. मागणारे आणि लिहिणारे एकच होते, आणि लिहिणाऱ्यांना पोर्टल कंटेनर आतून माहीत होता. चर्चा किती सुरळीत होईल हे पुष्कळदा यावरच ठरतं.

त्यांची पद्धत अशी होती: विकेटपोर्टलेट नावाचा एक क्लास पोर्टलची रिक्वेस्ट घेतो आणि आतल्या आत विकेटफिल्टरकडे पाठवतो. वर पाहिलेली ती अर्धवट सर्व्हलेट रिक्वेस्ट गुंडाळून, रिकाम्या जागा भरून, विकेटला असं भासवायचं की आपण नेहमीच्याच सर्व्हलेटमध्ये आहोत. हीच युक्ती त्याआधी स्ट्रट्स १ या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कसाठी अपाचे पोर्टल्सच्याच स्ट्रट्स ब्रिजने केली होती. गंमत म्हणजे जेएसआर १६८ मध्ये अ‍ॅक्शनच्या टप्प्यात सर्व्हलेटकडे रिक्वेस्ट डिस्पॅच करायची (पुढे पाठवायची) सोयच नाही, इन्क्लूड फक्त रेंडरमध्ये चालतो. त्यामुळे ब्रिजला सर्व्हलेटकॉन्टेक्स्टप्रोव्हायडर नावाचा एक इंटरफेस लागायचा आणि तो प्रत्येक पोर्टलने आपापल्या परीने अमलात आणायचा. प्रमाणित स्पेसिफिकेशनवर चालणारा कोड, पण प्रत्येक पोर्टलसाठी वेगळा तुकडा! ज्या पोर्टलसाठी तो तुकडा नाही तिथे ब्रिजही नाही.

अ‍ॅजॅक्सची (आख्खं पान न बदलता ब्राउझरमधून थोडाच भाग मागवण्याची) कथा आणखी बिकट. जेएसआर १६८ लिहिलं गेलं तेव्हा अ‍ॅजॅक्स हा शब्दही रूढ नव्हता. पोर्टलेटच्या यूआरएलला ब्राउझरमधून हाक मारली की उत्तरात आख्खं पोर्टल पान परत यायचं, मेनू आणि फुटरसकट. मग लोक पळवाट काढायचे: त्याच वॉर फाइलमधल्या (अर्जाच्या गठ्ठ्यातल्या) सर्व्हलेटला थेट हाक मारायची. ती पोचायची, पण पोर्टलला वळसा घालून. पोर्टलेटची प्रेफरन्सेस मिळत नाहीत, आपण कोणत्या खिडकीतून (पानावरच्या कोणत्या पोर्टलेटमधून) आलो ते कळत नाही. सेशन एकच असतं, पण पोर्टलेटने ठेवलेली वस्तू 'जावाएक्स.पोर्टलेट.पी.' या उपसर्गाने सुरू होणाऱ्या, मध्ये खिडकीचा आयडी आणि प्रश्नचिन्ह असलेल्या लांबलचक नावाखाली दडलेली असते. खिडकीचा आयडी माहीत नसेल तर वस्तू समोर असून सापडत नाही. यावर उतारा आला जून २००८ मध्ये, जेएसआर २८६ म्हणजे पोर्टलेट २.० मधल्या रिसोर्स यूआरएलने. त्याला हाक मारली की फक्त त्या पोर्टलेटचंच उत्तर येतं. विकेट १.३ त्याच्या आधी बाहेर पडलेलं होतं.

कोअरमध्ये काय काय शिरलं? रिक्वेस्टकॉन्टेक्स्ट हा क्लास, त्याला विचारायचं की ही पोर्टलेट रिक्वेस्ट आहे का. यूआरएल बनवणाऱ्या कोडमध्ये, रीडायरेक्ट करणाऱ्या कोडमध्ये, मार्कअप आयडी तयार करताना, जिथे तिथे हा प्रश्न विचारला जायचा आणि उत्तराप्रमाणे दोन वाटा फुटायच्या. विकेटचं नेहमीचं वागणंच असं की क्लिक आल्यावर पान आधी रेंडर करून बफरमध्ये ठेवायचं, ब्राउझरला रीडायरेक्ट द्यायचा आणि परत आल्यावर बफर सोडायचा. पोर्टलमध्ये अ‍ॅक्शनच्या टप्प्यात रेंडर करायला बंदी, आणि रेंडरच्या टप्प्यात रीडायरेक्टचा उपयोग नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी विकेट ओळखलं जायचं तिलाच वळण द्यावं लागलं.

जावास्क्रिप्टमध्ये तर कोणाचंच फारसं चाललं नाही. एका बँकेच्या इंट्रानेट पोर्टलवर दोन वेगवेगळ्या टीमचे विकेट पोर्टलेट एकाच पानावर आले, आवृत्त्या वेगळ्या. दोघांनी आपापली अ‍ॅजॅक्स स्क्रिप्ट पानात ओतली, दोन्हींत ग्लोबल ऑब्जेक्टचं नाव विकेट हेच. शेवटी लोड झालेल्याने आधीच्याला पुसून टाकलं. पहिल्या पोर्टलेटची बटणं अधूनमधून मरायची, आणि कधी मरतील ते पानावरच्या क्रमावर अवलंबून. पोर्टलच्या अ‍ॅडमिनने पोर्टलेट ओढून खाली ठेवला की बग 'दुरुस्त' व्हायचा. एचटीएमएल आयडींना नेमस्पेस (वेगळं ओळखू येईल असा उपसर्ग) लावता येतो, तो लावलेलाही होता. पण ग्लोबल ऑब्जेक्टला कोण लावणार? या बगची जबाबदारी कोणाची यावर तीन टीमची बैठक झाली आणि ठरलं काहीच नाही.

विकेट १.४ मध्येही (जुलै २००९) सपोर्ट टिकून होता. सप्टेंबर २०११ मध्ये १.५ आलं आणि त्यात रिक्वेस्ट हाताळणारा भाग नव्याने लिहिला गेला. यूआरएलसाठी मॅपर, जुन्या रिक्वेस्ट टार्गेटच्या जागी हँडलर. हा बदल विकेटला हवाच होता. पण पोर्टलेटचा कोड नेमका जुन्या भागाच्या शिवणींत विणलेला होता, त्यामुळे तो जसाच्या तसा उचलून नव्यात टाकणं शक्य नव्हतं. १.५ च्या कोअरमध्ये पोर्टलेट सपोर्ट नव्हता. पुढे तो विकेटस्टफमध्ये, म्हणजे मुख्य प्रकल्पाबाहेरच्या सामायिक भांडारात, वेगळं मॉड्यूल म्हणून आला. १.३ किंवा १.४ वर पोर्टल उभं केलेल्यांची यात पंचाईत झाली हे उघड आहे.

माझ्या मते दोन्ही निर्णय त्या त्या वेळी बरोबर होते. घेताना जाणकार माणूस हजर होता. काढताना पर्याय एवढाच होता की कोअरची पुनर्रचना अडवायची किंवा पोर्टलेट सोडायचा. अडवली असती तर पोर्टलेटशी काही संबंध नसलेल्या बहुसंख्यांना त्याची किंमत मोजावी लागली असती. तुमच्या चर्चेत जे 'विकेटने घेतला होता' म्हणतात, त्यांना एवढंच विचारा की १.५ सारखी वेळ आपल्यावर आली तर तुमच्यापैकी कोण बसून तो कोड नव्याने लिहिणार.

स्प्रिंगची वाट अगदी वेगळी होती. स्प्रिंग २.० (ऑक्टोबर २००६) मध्ये पोर्टलेट एमव्हीसी आलं आणि त्यांनी विकेटसारखं सर्व्हलेट असल्याचं सोंग घेतलं नाही. डिस्पॅचरसर्व्हलेटला समांतर डिस्पॅचरपोर्टलेट, हँडलर मॅपिंग वेगळं, इंटरसेप्टर वेगळे. दोन टप्पे प्रोग्रॅमरपासून लपवले नाहीत, उलट समोर ठेवले. स्प्रिंग ३.० मध्ये पोर्टलेट २.० आलं आणि अ‍ॅक्शनमॅपिंग, रेंडरमॅपिंग, रिसोर्समॅपिंग, इव्हेंटमॅपिंग अशी अ‍ॅनोटेशन मिळाली. ती वापरायला मला तरी आवडायची, कारण कोड वाचतानाच कळायचं की ही मेथड कोणत्या टप्प्यात चालणार. व्ह्यूसाठी मात्र त्यांनाही पूल बांधावा लागला: व्ह्यूरेंडररसर्व्हलेट नावाचा छोटा सर्व्हलेट, ज्याच्यामार्फत नेहमीचे जेएसपी वगैरे व्ह्यू पोर्टलेटमध्ये चालायचे.

या पद्धतीत कोअर घाण होत नाही, पण कोड दुप्पट होतो. सर्व्हलेटच्या बाजूला नवी सोय आली की पोर्टलेटच्या बाजूला कोणीतरी तीच पुन्हा लिहायची. सप्टेंबर २०१७ च्या स्प्रिंग ५.० मध्ये हे मॉड्यूल गेलं, व्हेलॉसिटी आणि जॅस्पररिपोर्ट्सच्या सपोर्टबरोबर. पण काढणं किती सोपं झालं बघा: वेगळं जार (कोडची स्वतंत्र फाइल) होतं, ते पुढच्या आवृत्तीत आलं नाही, बस. आणि ज्यांना खरंच हवं होतं त्या लाइफरे या पोर्टल बनवणाऱ्या कंपनीने तो कोड पुढे पोर्टलेटएमव्हीसीफॉरस्प्रिंग या नावाने स्वतःकडे घेतला. विकेटच्या कोअरमधून असा अख्खा तुकडा कोणाला उचलता आला नसता.

जेएसएफचं (जावासर्व्हर फेसेस, जावाचं प्रमाणित वेब फ्रेमवर्क) उदाहरण मला सर्वात बोलकं वाटतं, कारण तिथे तयारी सुरुवातीपासून होती. एक्स्टर्नलकॉन्टेक्स्ट ही अमूर्त पातळी पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि सर्व्हलेट असो की पोर्टलेट, जेएसएफला फरक पडू नये हाच तिचा हेतू. लाइफसायकलही एक्झिक्यूट आणि रेंडर अशी दुभंगलेली, म्हणजे पोर्टलेटच्या दोन टप्प्यांवर छान बसणारी. तरीही काय झालं? अ‍ॅक्शनमध्ये रिक्वेस्ट स्कोपमध्ये (त्या एका रिक्वेस्टपुरतं) ठेवलेलं बीन, म्हणजे डेटा धरणारी वस्तू, आणि 'नाव भरणं आवश्यक आहे' सारखा व्हॅलिडेशनचा संदेश रेंडरपर्यंत पोचेचना, कारण रेंडरची रिक्वेस्ट वेगळी. मग ब्रिजने (जेएसएफ आणि पोर्टलेट जोडणाऱ्या पुलाने) त्या वस्तू मधल्या मध्ये सांभाळून ठेवायच्या, किती वेळ, केव्हा फेकायच्या, याचे नियम करावे लागले. जेएसआर ३०१, मग पोर्टलेट २.० साठी ३२९, मग पोर्टलेट ३.० साठी ३७८. नुसत्या पुलासाठी तीन स्पेसिफिकेशन! इतकी पूर्वतयारी असलेल्याची ही गत, तर ज्या फ्रेमवर्कने पोर्टलेटचा विचारच कधी केला नाही त्याच्या कोअरमध्ये दोन आठवड्यांत हे बसेल असं कोणी म्हणत असेल तर ते पटण्यासारखं नाही.

मागणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. मोठ्या कंपन्यांत, सरकारी खात्यांत, विद्यापीठांत आधी पोर्टल विकत घेतलं जातं आणि मग डेव्हलपरला विचारतात की कोणतं फ्रेमवर्क वापरणार. तिथे 'पोर्टलेट सपोर्ट: नाही' असं दिसलं की तुमचं नाव यादीतून बाद. पुण्या-मुंबईच्या सर्व्हिस कंपन्यांतल्या पुष्कळांची उमेदीची वर्षं आयबीएमच्या वेबस्फिअर पोर्टलवर गेली आहेत. ते उत्पादन २०१९ मध्ये एचसीएलकडे आलं आणि आजही एचसीएल डिजिटल एक्सपीरियन्स या नावाने चालू आहे. त्यावरचे अर्ज कोणीतरी सांभाळतंय, आणि त्यांना आयफ्रेम वापरा म्हणून सांगणं सोपं असलं तरी उंची, लॉगिन आणि पोर्टलेटमधला संवाद हे तिन्ही प्रश्न आयफ्रेममध्ये पुन्हा उभे राहतात.

म्हणून मी वर मोकळ्या जागा म्हणालो. पहिली जागा यूआरएल. कोअरमध्ये कुठेही स्ट्रिंग जोडून यूआरएल बनत असेल तर ते थांबवा, एका इंटरफेसमधून जाऊ द्या. आणि त्या इंटरफेसला कळू द्या की हा यूआरएल स्थिती बदलणारा आहे, नुसता दाखवणारा आहे की फाइल किंवा अ‍ॅजॅक्सचा आहे. दुसरी, रीडायरेक्ट. कोअरने सेंडरीडायरेक्ट थेट बोलावू नये, 'पुढे हे पान दाखव' एवढा हेतू नोंदवावा आणि तो कसा पाळायचा ते बाहेरच्या थरावर सोडावं. पोर्टलेटचं मॉड्यूल मग त्याचं रेंडर पॅरामीटर करेल. तिसरी, हेडमध्ये जाणाऱ्या स्क्रिप्ट आणि स्टाइल आधी एका यादीत जमा करा, छापायचं कुठे ते नंतर ठरू द्या. पोर्टलेट २.० मध्ये हेडमध्ये घालायची सोय पोर्टलच्या मर्जीवर होती, ३.० मध्ये हेडरसाठी स्वतंत्र टप्पाच आहे. यादी तयार असेल तर दोन्ही जमतं. चौथी, मार्कअप आयडीला उपसर्ग लावायची एक जागा.

यातलं काहीही फक्त पोर्टलेटसाठी नाही, म्हणून मूळ टीमला ते पटवणं सोपं जाईल. रिव्हर्स प्रॉक्सीमागे वेगळ्या पाथवर अर्ज चालवायचा असेल, युनिट टेस्ट सर्व्हलेट कंटेनरशिवाय चालवायच्या असतील, एका पानात दोन अर्जांचे तुकडे बसवायचे असतील, तरी याच जागा लागतात. एखादा बदल निव्वळ पोर्टलेटसाठीच लागतोय असं दिसलं तर तो कोअरमध्ये घेऊ नका, आणि या कसोटीवर ठाम राहा. 'ही पोर्टलेट रिक्वेस्ट आहे का' असा प्रश्न कोअरच्या कोडमध्ये एकदा जरी आला तरी पुढचे दहा यायला वेळ लागत नाही.

मॉड्यूल वेगळं, त्याचा रिलीज वेगळा, आवृत्ती क्रमांकही वेगळा. सुरू करण्याआधी निदान दोन माणसांनी लेखी सांगावं की आम्ही सांभाळू, आणि त्यातला एक तरी खरोखर पोर्टलवर काम करणारा असावा. प्लूटोवर आपोआप चालणाऱ्या टेस्ट पहिल्या पॅचबरोबरच हव्यात. प्लूटो हा रेफरन्स कंटेनर, त्यावर चाललं म्हणजे लाइफरेवर चालेलच असं नाही, पण प्लूटोवरच चाललं नाही तर पुढे बोलायलाच नको. आणि सलग दोन मोठ्या रिलीजला कोणी ते मॉड्यूल जुळवून दिलं नाही तर ते संग्रहात जाईल, हेही आत्ताच ठरवा. नंतर ठरवायला गेलात तर तो निर्णय कोणावर तरी रोष धरल्यासारखा वाटतो.

आता मतदानाबद्दल. अपाचेच्या रीतीने चालत असाल तर कोडच्या बदलावरचा उणे एक हा व्हेटो असतो, पण त्यामागे तांत्रिक कारण द्यावं लागतं. 'पोर्टलेट कोण वापरतं हल्ली' हे तांत्रिक कारण नाही. 'हा पॅच रीडायरेक्टच्या कोडमध्ये दुसरी वाट फोडतो आणि ती तपासणारी टेस्ट नाही' हे आहे. मूळ टीमने या भाषेत बोललं तर निम्मा कडवटपणा कमी होईल.

एक ताजी अडचण मागणाऱ्यांच्या कानावर जरूर घाला. टॉमकॅट १० (सर्व्हलेट कंटेनर) पासून आणि स्प्रिंग ६ पासून सगळं 'जावाएक्स' नावाने सुरू होणाऱ्या पॅकेजमधून 'जकार्ता' नावाच्या पॅकेजमध्ये गेलंय. पोर्टलेट ३.०, म्हणजे २०१७ चं जेएसआर ३६२, जावाएक्स.पोर्टलेटमध्येच आहे, आणि त्याच्या एपीआयमध्ये गेटकुकीज ही मेथड जुन्या जावाएक्स.सर्व्हलेटमधल्या कुकीची यादी परत करते. तुमचं फ्रेमवर्क जकार्तावर गेलं असेल तर मूळ पोर्टलेट ३.० एपीआयशी ते सरळ जुळणार नाही. दोन्ही पॅकेज सांभाळणारी एक जुनी शाखा ठेवावी लागेल किंवा बिल्डमध्ये पॅकेजांची नावं बदलणारं साधन बसवावं लागेल. ज्यांना पोर्टलेट हवाय त्यांना पहिलाच प्रश्न हा विचारा की तुमचं पोर्टल आज कोणत्या आवृत्तीवर आहे, आणि त्याखालचा सर्व्हलेट कंटेनर कोणता. आलेली उत्तरं एका तक्त्यात मांडा. पाच जणांची पाच वेगळी पोर्टलं निघाली तर एका मॉड्यूलने कोणाचंच भागणार नाही, आणि चौघांचं एकच निघालं तर मॉड्यूल कोणी लिहायचं ते त्याच तक्त्यात दिसेल.